लांडग्याचं विष, चादरीचा पिवळा

गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाला उत्तरेकडच्या थंड पाइन जंगलांत एक विषारी भाऊबंद आहे. नाव लेथारिया वुल्पिना. दोघंही पार्मेलियसी कुळातली शैवाकं, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेले संसार. दगडफूल पापुद्र्यासारखं पसरतं. लेथारिया मात्र फांद्या फुटत बोटभर वाढतं, हिरवट पिवळं आणि इतकं भडक की करड्या खोडावर लांबूनही लपत नाही. त्याच्या फांद्यांवर बारीक भुकटी असते. तिच्या प्रत्येक कणात बुरशीचे धागे आणि शेवाळाच्या पेशी सोबतच असल्याने, कण वाऱ्याने जिथे पडेल तिथे नवा संसार सुरू होऊ शकतो.

लिनियसने १७५३ साली या शैवाकाची शास्त्रीय नोंद केली. स्कँडिनेव्हियात ते वाळवून, कुटून, काचेच्या चुऱ्यासोबत मांसात भरत आणि लांडग्या-कोल्ह्यांच्या वाटेवर ठेवत. मारक गुण त्यातल्या वुल्पिनिक आम्लाचा. शैवाकाला कुरतडायला येणाऱ्या कीटकांना तेच दूर ठेवतं.

त्याचा पिवळा रंगही याच आम्लाचा, आणि मला या कुळकथेतला सर्वांत मोलाचा भाग इथून पुढचा वाटतो. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या त्लिंगित बायका लेथारिया उकळून पहाडी बकऱ्याची लोकर पिवळी रंगवत आणि चिल्कट चादरी विणत. हे विणकाम मूळचं शेजारच्या त्सिम्शियन लोकांचं मानलं जातं; प्रसिद्ध झालं ते त्लिंगितांतल्याच चिल्कट गटाच्या नावाने. नक्षी पुरुष फळीवर रंगवत. बायका ती पाहून, उभ्या चौकटीवर लोंबत्या ताण्यात बोटांनी एकेक धागा गुंफत. ताण्यात लोकरीबरोबर सीडरची सालही वळलेली असे. नक्षीत घराण्याचा मानाचा प्राणी असे. ओल्या किनाऱ्यावर हे शैवाक सहसा मिळत नाही, म्हणून ते आतल्या कोरड्या प्रदेशातून व्यापारात येई. एका पिवळ्यासाठी डोंगरापलीकडे देवाणघेवाण करणाऱ्या या विणकरणींना रंगांच्या इतिहासात मानाची जागा हवी.

ज्या लांडग्याला मारायला हे शैवाक वापरत, त्याला स्वीडनमध्ये १९६६ साली कायद्याचं संरक्षण मिळालं. आज तिथे हे शैवाकही संरक्षित आहे. ते मुख्यतः वाळून उभ्या राहिलेल्या जुन्या पाइनवर वाढतं, आणि लाकूडतोडीमुळे अशी झाडं कमी झाली आहेत. नुसत्या तोडबंदीने शैवाक वाचणार नाही. मेलेली झाडं जंगलात उभी राहू द्यायला हवीत.