आट्यांची वंशावळ

जुना लेथ विकायला काढला की सगळ्यात आधी त्याची पाटी पुसली जाते. हेडस्टॉकवरचा पितळेचा तुकडा घासूनपुसून चकचकीत करतात आणि मालक त्यावर बोट ठेवून सांगतो, "ओरिजिनल इंग्लिश माल आहे, साहेब." पाटीवर इंग्लंडमधल्या एखाद्या गावाचं नाव असतंही. पण लेथच्या बाबतीत पाटी हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. चार रिव्हेट काढले की ती एका यंत्रावरून उतरते आणि दुसऱ्यावर चढते. शिवाय ती बनवणाऱ्याचीच असते असंही नाही. कव्हेंट्रीची आल्फ्रेड हर्बर्ट ही कंपनी स्वतः यंत्रं बनवायची आणि इतरांची यंत्रं विकायचीही. कलकत्त्यात तिची शाखा होती. लंडनची बक अँड हिकमन ही तर अवजारांची व्यापारी पेढी. अमेरिकेत सीअर्स कंपनीनं 'क्राफ्ट्समन' या नावानं लेथ विकले, पण ते घडवले दुसऱ्यांनी. मॉडेल नंबरची सुरुवात 101 नं होत असेल, तर तो मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू इथल्या ॲटलस प्रेस कंपनीचा लेथ.

लेथचं खरं कूळ त्याच्या आट्यांत असतं. हे पटायला लेथवर आटे पडतात कसे ते पाहावं लागतं. चकमध्ये धरलेला जॉब फिरतो आणि त्याच वेळी बेडच्या पुढच्या अंगाला असलेला लांबलचक लीड स्क्रूही फिरतो. हाफ नट त्या स्क्रूला पकडतो आणि टूल घेऊन कॅरेज पुढे सरकतं. जॉब आणि लीड स्क्रू यांच्यामधले गिअर बदलले की आट्यांची घनता बदलते. म्हणजे जॉबवर जो आटा उमटतो, तो मुळात लीड स्क्रूवरचाच, गिअरनं दाट किंवा विरळ केलेला. लीड स्क्रूत खोट असेल तर ती जॉबमध्ये उतरते.

पण हा लीड स्क्रूही कुठल्या तरी लेथवरच कापलेला असतो, आणि त्या लेथचा लीड स्क्रू त्याच्याही आधीच्या लेथवर. आजच्या दह्याचं विरजण कालच्या दह्यातून यावं, तसं हे मागं मागं जात राहतं. म्हणून लेथची कुळकथा ही बरीचशी स्क्रूची कुळकथा आहे, आणि तिच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे: नेमका स्क्रू कापायला आधी नेमका स्क्रू लागतो, तर मग पहिला आणायचा कुठून?

या प्रश्नाशी झुंजलेल्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो हेन्री मॉडस्ले. 1771 साली लंडनजवळच्या वुलिचला त्याचा जन्म झाला. वडील तिथल्या शस्त्रागारात कामाला होते. बाराव्या वर्षी हा मुलगाही तिथेच काडतुसांत दारू भरू लागला. पुढे सुतारशाळेत गेला, तिथे मन रमेना, मग लोहारशाळेत आला आणि तिथलाच झाला. अठराव्या वर्षी जोसेफ ब्रामानं त्याला आपल्या कारखान्यात घेतलं. ब्रामाचं कुलूप तेव्हा नावाजलेलं होतं. चावीशिवाय ते उघडणाऱ्याला 200 गिनी इनाम लावलेलं होतं आणि पुढे 1851 पर्यंत ते कोणाला उघडता आलं नाही. असं कुलूप हातानं एकेक घडवणं परवडण्यासारखं नव्हतं. त्याचे भाग नेमके आणि सारखे यावेत म्हणून यंत्रं लागत होती, ती मॉडस्लेनं उभी केली. आठवड्याला 30 शिलिंग मिळत होते. पगारवाढ मागितली, ब्रामानं नाकारली, आणि 1797 मध्ये मॉडस्लेनं ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ वेल्स स्ट्रीटवर स्वतःचं छोटं दुकान थाटलं.

त्याच्या पहिल्या विरजणाची युक्ती भूमितीतली आहे. मऊ धातूच्या गोल दांड्यावर एक कडक, कमानदार पातं ठरावीक कोनात तिरकं टेकवायचं आणि दांडा फिरवायचा. पातं दांड्यात रुतत रुतत आपोआप पुढे सरकतं आणि मागे सर्पिल रेघ उमटत जाते. कोन बदलला की रेघेची चाल बदलते. इथे कुठल्याही जुन्या स्क्रूची नक्कल नाही. आटा थेट कोनातून जन्माला येतो. अर्थात तो निर्दोष नसतो. पण त्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे कापत जाताना दोष हेरून काढता येतात. पुढे त्यानं 5 फूट लांब, 2 इंच जाडीचा, इंचाला 50 आटे असलेला स्क्रू केला आणि त्याला 12 इंच लांबीचा नट बसवला. त्या नटात 600 आटे होते. एवढे आटे एकाच वेळी स्क्रूला धरून असले की एखाद्या ठिकाणची चूक बाकीच्यांत वाटली जाते. अचूकतेचा एवढा सखोल विचार एका लोहारशाळेतून वर आलेल्या माणसानं केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लेथ मॉडस्लेनंच शोधला असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नये. रशियात पीटर द ग्रेटच्या पदरी आंद्रेई नार्तोव्हनं, पॅरिसला व्होकान्सननं, लंडनमध्ये जेसी रॅम्सडेननं त्याच्या आधी यातले बरेच भाग करून दाखवले होते. रॅम्सडेननं तर 1770 च्या दशकातच स्क्रू कापणारा लेथ केला होता, वेधयंत्रांवर अंशांच्या खुणा पाडण्यासाठी. मॉडस्लेनं अखंड लोखंडी बेड, टूल घट्ट धरून सरकणारा स्लाइड रेस्ट, लीड स्क्रू आणि बदलते गिअर हे सारं एका यंत्रात आणलं आणि ते यंत्र कारागिरांच्या रोजच्या हाताखाली दिलं. 1800 च्या आसपासचा त्याचा एक लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. त्याच्या हाताखाली तयार झालेली माणसं पुढे स्वतः नामांकित झाली: रिचर्ड रॉबर्ट्स, जेम्स नॅस्मिथ, जोसेफ व्हिटवर्थ.

व्हिटवर्थचं नाव आपल्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी आजही असतं, कारण स्पॅनरवर ते असायचं. त्यानं देशभरातल्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मोजमापं घेतली आणि 1841 मध्ये सगळ्यांसाठी एकच प्रमाण सुचवलं. आट्याचा कोन 55 अंश. अमेरिकेत 1864 साली विल्यम सेलर्सनं 60 अंशांचं वेगळं प्रमाण मांडलं. ही दोन घराणी इथे फुटली आणि जुन्या लेथची ओळख पटवणाऱ्याला त्याचा आजही उपयोग होतो.

लेथ इंग्लिश की अमेरिकी असा वाद निघाला, तर त्याचा एक चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट सोडवावा. शक्यतो आतला, कधी न हललेला. बाहेरचे बोल्ट कुणी ना कुणी बदललेले असतात. रॉकेलनं धुवावा, तारेचा ब्रश मारावा आणि त्यावर पिच गेजची, म्हणजे आटे मोजायची दातेरी पानं लावून पाहावीत. पाव इंच किंवा तीन सुतीच्या मापात दोन्ही घराण्यांच्या आट्यांची संख्या सारखीच असते, तिथे काही कळत नाही. पण अर्ध्या इंचाला व्हिटवर्थमध्ये इंचाला 12 आटे आणि अमेरिकी मोठ्या आट्यांत 13. बाराचं पान उजेडाची फट न ठेवता बसलं, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो बोल्ट इंग्लिश वळणाचा. असे तीन-चार बोल्ट सारखे निघाले की निकाल लागला.

त्यानंतर लीड स्क्रू. तो मोजायचा तर टेलस्टॉकच्या, म्हणजे चकपासून दूरच्या टोकाला मोजावा. रोजचं काम चकजवळ चालतं, त्यामुळे तिथले आटे झिजून धारदार झालेले असतात. टेलस्टॉककडचे कित्येकदा कारखान्यातून आले तसे राहिलेले सापडतात. स्टीलची पट्टी टेकवून इंचात किती आटे येतात ते पाहावं. आट्यांचा आकारही पाहावा. सरळ उभ्या बाजूंचे चौकोनी आटे ही जुनी रीत. उतरत्या बाजूंचे ॲक्मे आटे 1890 च्या दशकापासून पसरले, कारण त्यांत हाफ नट सहज बसतो. सोबतच्या गिअरांच्या ढिगात 127 दात्यांचं चाक सापडलं तर त्या लेथवर इंच आणि मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे आटे पाडले जात, एवढं नक्की. इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर, त्याची पाचपट 127, आणि ही संख्या मूळ असल्यामुळे तिच्याहून लहान चाकात हे गणित तंतोतंत बसत नाही.

वय काढताना इतर खुणा मदतीला येतात. हँडलांभोवती मापांच्या रिंगा नसतील तर यंत्र बहुधा फार जुनं. पायऱ्यापायऱ्यांची पुली आणि सपाट पट्टा हे छताखालच्या शाफ्टवर कारखाना चालण्याच्या काळातलं. गिअर न बदलता लिव्हर सरकवून आटे निवडायची पेटी असेल तर लेथ 1892 च्या अलीकडचा, कारण वेंडेल नॉर्टनला त्या पेटीचं पेटंट त्या साली मिळालं. अमेरिकी पेटंटचा आकडा कोरलेला असेल तर तो तारखेसारखाच वाचावा: दहा लाखावं पेटंट 1911 मध्ये निघालं, वीस लाखावं 1935 मध्ये. चकजवळ बेडला खाच असेल, म्हणजे गॅप बेड असेल, तर वळण बहुधा इंग्लिश. अमेरिकी कारखान्यांना ते फारसं रुचलं नाही. त्यांच्या बेडवर उलट्या व्ही आकाराचे रूळ असत, इंग्रज सपाट रुळांना धरून राहिले. 'वॉर फिनिश' अशी छोटी पट्टी दिसली तर तो दुसऱ्या महायुद्धातला इंग्लिश लेथ. रंगरंगोटीवर वेळ न घालवता कारखान्यातून थेट कामावर गेलेला.

घराणं पक्कं ठरलं की व्यक्ती ओळखायची. इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी जॉन आणि माइल्स ओब्रायन या जुळ्या भावांनी 1906 मध्ये लेथचा कारखाना काढला. त्यांच्या लेथचा नंबर बेडच्या टेलस्टॉककडच्या टोकाला, पुढच्या रुळांच्या मधोमध ठोकलेला असतो. वर्षानुवर्षांचं तेल आणि बुरादा खरवडला की आकडे वर येतात. कारखान्यानं प्रत्येक लेथचं कार्ड ठेवलं होतं: यंत्र कधी निघालं, कोणाला गेलं, सोबत काय काय दिलं. मला ही हिशेबाची शिस्त फार मोलाची वाटते.

याच घराण्याच्या 9 इंची लेथवरून ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या हर्कसनं आणि 1946 पासून इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्सच्या बॉक्सफर्डनं लेथ काढले. बॉक्सफर्डच्या माहितीपत्रकात मात्र 9 इंच दिसत नाही, साडेचार दिसतं. यंत्र तेवढंच आहे. अमेरिकी माणूस बेडवर किती व्यासाचा जॉब फिरेल ते सांगतो, इंग्रज सेंटरची बेडपासूनची उंची सांगतो. एवढी एक गोष्ट ध्यानात नसली की जुने कॅटलॉग चाळताना सख्खी भावंडं परकी वाटतात. आपल्याकडे इंग्रजी रीत रुजली. एचएमटीच्या एनएच-22 मधले 22 म्हणजे सेंटरची उंची, 220 मिलिमीटर.

भारतातल्या लेथांची कुळं शोधायची तर पाटीला पुन्हा थोडा मान द्यावा लागतो, कारण इथे व्यापाऱ्याची पाटीच मोठी साक्ष देते. पत्त्यात नुसतं 'बॉम्बे 1' असेल तर ती बहुधा 1972 च्या आधीची. 'बॉम्बे 400 001' असेल तर नंतरची, कारण पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला. मुंबईच्या गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये इंग्लिश लेथ येत राहिले. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तसे त्यांतले लेथही लिलावात निघाले. देशी लेथचं एक ठळक घराणं मराठी माणसांचं आहे. 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कुटुंबानं 1941 साली तुंगभद्रेकाठी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना उभा केला. तिथले 'एंटरप्राइज' लेथ महाराष्ट्रातल्या कितीतरी शेडमध्ये अजून चालू आहेत. एचएमटी त्यानंतरची, 1953 ची, स्वित्झर्लंडच्या ओरलिकॉन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झालेली.

या यंत्रांवरच्या खुणा सगळ्यात जास्त पुसल्या जातात त्या प्रेमापोटी. लेथ नवा दिसावा म्हणून मालक बेडचं टोक ग्राइंडरनं घासतो, ओतकामातली उठावाची अक्षरं लांबीनं भरतो, वर हिरवा रंग मारतो, आणि नंबर कायमचा जातो. माझी कळकळीची विनंती आहे: रंगाचा डबा उघडायच्या आधी हेडस्टॉक, सॅडल आणि टेलस्टॉक उचलून त्यांच्या खालचे आकडे पाहावेत. अनेक कारखान्यांत या भागांवर बेडचाच नंबर ठोकायची पद्धत होती. तिन्हींचा जुळला तर यंत्र एकजिनसी, न जुळला तर दोन लेथांचा मिळून एक झालेला. आकड्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी, ठसा उमटतो. त्याच कागदाच्या कोपऱ्यात लीड स्क्रूवरचे इंचाला किती आटे तेही लिहावं आणि कागद यंत्राच्या कपाटात, गिअरांच्या डब्याशेजारी ठेवावा.