डांगाणची बोली आणि हवाईची शाळा

हवाई बेटांच्या राज्यघटनेत १९७८ साली एक कलम आले. सरकारी शाळांतून हवाईयन भाषा, संस्कृती आणि इतिहास शिकवण्याची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली, आणि या कामी समाजातल्या जाणत्यांची मदत घ्यावी, असेही तिथेच सांगितले. पुढे १९८० पासून पदवी नसलेल्या आजी-आजोबांना मानधन देऊन वर्गात बोलावले जाऊ लागले. तिकडे त्यांना 'कुपुना' म्हणतात. या कलमाचा पहिला भाग अभ्यासकांच्या ओठांवर असतो. मला दुसरा महत्त्वाचा वाटला, तो राजूरमुळे.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा, कळसूबाई-रतनगडाच्या पायथ्याचा मुलूख म्हणजे डांगाण. राजूर हे त्याचे बाजाराचे गाव. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी नाव असलेले. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही इथेच, त्यामुळे आसपासच्या आश्रमशाळांचा कारभार इथून चालतो. या शाळांत महादेव कोळी आणि ठाकर मुले शिकतात, काही कातकरीही.

या लोकांविषयी पहिले सविस्तर लेखन केले ते बंदोबस्तावर आलेल्या माणसाने. रामजी भांगऱ्याचे बंड मोडण्याच्या कामी असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने १८३० च्या दशकात महादेव कोळ्यांवर दीर्घ टिपण लिहिले. कुळ्या, देव, लग्नविधी, सगळे त्यात आहे. रामजीचा मुलगा राघोजी, देवगावचा. त्याला पंढरपुरात पकडून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. आज राघोजीची जयंती होते, पुतळे उभे राहतात. ते योग्यच आहे. पण राघोजी ज्या बोलीत बोलला असेल ती त्याच्या नावाच्या घोषणा देणाऱ्या मुलांना वर्गात बोलता येत नाही, याकडे कोणाचे लक्ष नाही.

हवाईत हे कायद्याने झाले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीचे राज्य उलथवले गेले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. हवाईयन बोलल्याबद्दल मार खाल्लेली एक पिढी आपल्या मुलांशी इंग्रजीतच बोलू लागली. आपल्याकडे असा कायदा करावाच लागला नाही. हवाईयन ही इंग्रजीहून सर्वस्वी वेगळी भाषा, म्हणून तिला निदान बंदी घालता आली. डांगाणी पडली मराठीचीच बोली. तिला बंदी घालत नाहीत, तिला 'अशुद्ध' म्हणतात. १९५६ साली घटनेत आलेले ३५०-क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून द्यावे असे सांगते. पण ज्याची मातृभाषा कागदोपत्री मराठीच आहे, त्याने काय मागायचे? ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठी खंडात (१९०५) ठाकरी, कातकरीचे नमुने स्वतंत्रपणे नोंदले आहेत. शाळेत मात्र त्यांची नोंद लाल शाईत होते.

बोली म्हणजे नुसते उच्चार नव्हेत. डांगाणातले मूल 'नागली' म्हणते, पुस्तक 'नाचणी'. मूल 'खुरासणी' म्हणते, पुस्तक 'कारळे'. इतके चालेल. पण हिरडा कोवळा असतानाच वेचला तर तो 'बाळहिरडा' आणि त्याला भाव अधिक, राब कधी भाजायचा, भारंगी कधी खुडायची, हे शब्दासोबत येणारे ज्ञान आहे. हवाईत 'कालो' म्हणजे आपले अळू. तिथल्या कथेत ते हालोआ, माणसाचा थोरला भाऊ. अळूच्या जातींची नावे विसरली तर भाऊबंदांची नावे विसरल्यासारखेच.

आपल्याकडे कुपुना नाहीत असे थोडेच आहे! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल-घेवड्याची, भाताची गावठी बियाणी जपली, २०२० च्या पद्मश्रींत त्यांचे नाव आले. आता शाळा त्यांना पाहुण्या म्हणून बोलावतात, शाल-श्रीफळ देतात. आठवी-नववीच्या वर्गाला आठवड्याचे दोन तास शिकवायला त्यांच्यासारख्या एखाद्या आजीला नेमायचे, तर पात्रतेचा रकाना आडवा येईल. माझी स्वतःची मजल पदव्यांत फार नाही, म्हणून हा रकाना मला जरा जास्त दिसत असेल.

त्यात आश्रमशाळा निवासी. हवाईने आजीला शाळेत आणले. आपण सहा वर्षांच्या नातवाला आजीपासून उचलून शाळेत आणले. हेतू चांगला होता, वाडीत शाळा नव्हती आणि घरात दोन वेळचे जेवण नव्हते, हे विसरून टीका करणे अन्यायाचे होईल. मग स्नेहसंमेलनात 'आदिवासी नृत्य' बसवले जाते, आणि डांगाणात कधी कोणी घातली नाहीत अशी पिसे मुलांच्या डोक्याला लावली जातात.

अडचणी खऱ्या आहेत. एकाच वर्गात कोळी आणि ठाकर मुले. कोणाची बोली घ्यायची? दहावीची परीक्षा प्रमाण मराठीतच द्यायची. हवाईलाही हे सोपे गेले नाही. १९८४ मध्ये बालवाड्यांपासून सुरुवात झाली, १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग निघाले, आणि त्या माध्यमातून बारावी पूर्ण करणारी पहिली मुले बाहेर पडली १९९९ मध्ये. आपल्याला माध्यम बदलायचे नाही, दोन तास हवे आहेत. ठाकर आजीला एक, कोळी आजोबांना एक.

अभ्यासक्रम कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांना मी वाघबारस सांगतो. इतरांची वसुबारस असते त्या दिवशी डांगाणातले गुराखी रानात वाघोबाची पूजा करतात, खीर शिजवतात, एखादा पोर वाघ होतो आणि बाकीचे त्याला शिवेबाहेर पिटाळतात. जनावरे, रान, शिव, देव, गाणी, सगळे एका दिवसात. दिवाळीची सुट्टी त्याआधी लागली, तर आश्रमशाळेतली मुलेही तिथे असतात.