मानाचे ठिगळ

ठिगळ ही वस्तू आमच्या पिढीने लपवण्यात आयुष्य घालवले. लष्कराचे मात्र सगळेच न्यारे! तिथे नव्याकोऱ्या कपड्यावर ठिगळ लावतात आणि वर छाती पुढे काढून चालतात. त्याला 'पॅच' म्हणायचे, एवढाच काय तो फरक. नगर (आता अहिल्यानगर) पडले रणगाड्यांचे गाव. इथल्या रणगाडा संग्रहालयाला तर १९९४पासून बाहेरगावची माणसे तिकीट काढून येतात. त्यामुळे असले बिल्ले ओळखण्याचा नाद मलाही लागला.

त्यांतले सर्वांत गमतीचे बिल्ले टेहळणीच्या विमानांचे. यांचा धंदा काय, तर कुणाला न दिसता जायचे, फोटो काढायचे आणि गुपचूप परत यायचे. कुठे गेलो होतो, हे बायकोलाही सांगायचे नाही. (हे कसे जमवतात, देव जाणे!) आणि बिल्ल्यांवरची नावे म्हणाल, तर डरकाळी फोडल्यासारखी. हवाई दलाची १०६ क्रमांकाची स्क्वाड्रन म्हणजे 'लिंक्स', तीक्ष्ण नजरेचे रानमांजर. १०२ क्रमांकाची 'ट्रायसॉनिक्स', म्हणजे आवाजाच्या तिप्पट! त्यांची मिग-२५ विमाने १९८१ साली आली आणि २००६ साली निवृत्त झाली. ती वीस किलोमीटर उंचीवरून फोटो काढत. आमच्याकडे लग्नातला फोटोग्राफर चार फुटांवरून नवरदेवाचे डोके कापतो.

पण या लिंक्सवाल्यांपाशी हसू जरा आवरावे लागते. जगमोहन नाथ हे त्यांतले वैमानिक. १९६२च्या युद्धाआधी ते कॅनबेरा विमानातून अक्साई चीन आणि तिबेटवर गेले आणि चिनी फौजांच्या जमवाजमवीचे फोटो घेऊन आले. त्या युद्धात आपली लढाऊ विमाने मात्र जमिनीवरच राहिली. नाथांना १९६२ साली महावीरचक्र मिळाले, १९६५ साली पुन्हा मिळाले. पाहणाऱ्याने जिवावर उदार होऊन पाहिले. पाहिलेल्याचे पुढे काय करायचे, हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते.

याउलट आमच्या गावची गोष्ट बघा. १८०३ साली वेलस्ली नगरच्या किल्ल्यापुढे उभा राहिला. तेव्हा, गॅझेटियर सांगते, भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन मारा कुठून करावा ते दाखवले. ना विमान, ना कॅमेरा, ना बिल्ला! माहिती लगेच वापरली गेली आणि १२ ऑगस्टला किल्ला पडला. फुकट आणलेल्या माहितीला किंमत नसते आणि विकत घेतलेली कुणी वाया घालवत नाही, असा आपला एक बाजारी निष्कर्ष मी काढला आहे.

आता टेहळणीला माणूसच लागेनासा झाला. वैमानिकाविना उडणाऱ्या 'निशांत' विमानाच्या इंजिनाच्या कामात आमच्या नगरच्या वाहन संशोधन संस्थेचा हात होता. ते इंजिन २००९ साली कोलारजवळ आकाशात गेले. अभिमान वाटला. पण मनात आले, की या विमानाचा बिल्ला शिवायचा कुणाच्या छातीवर?

कॅनबेरा १९५७ साली आले आणि २००७ साली निवृत्त झाले. फोटो फायलींत गेले, माणसे पेन्शनीत गेली. अशा वेळी स्मरणाचा बिल्ला काढतात, त्याला मी आता हसत नाही. जे काम केल्याचे वर्षानुवर्षे सांगता आले नाही, त्याची ती तळहाताएवढी पोचपावती आहे. इतरांना पदक दिसते. बिल्ला मात्र आपल्यातल्याने आपल्यातल्याला ओळखण्यासाठी असतो.