ऊर्जेची कार्यक्षमता व ऊर्जेचा मितवापर : ब्रह्मपुरी परिसर

एखादे काम पूर्वीइतकेच, पण कमी ऊर्जा खर्चून पार पाडणे म्हणजे ऊर्जेची कार्यक्षमता वाढविणे. तर ते कामच कमी करणे किंवा त्यावाचून भागविणे म्हणजे ऊर्जेचा मितवापर होय. ६० वॉटच्या तंतुदीपाच्या जागी ९ वॉटचा एलईडी दिवा लावणे हे पहिल्याचे उदाहरण, तर खोलीत कोणी नसताना दिवा मालविणे हे दुसऱ्याचे. व्यवहारात दोहोंना ‘बचत’ असेच म्हणतात. तथापि पहिल्यात काम व ऊर्जा यांचे गुणोत्तर बदलते, दुसऱ्यात ऊर्जेचा एकूण खर्च घटतो. गुणोत्तर सुधारले म्हणजे एकूण खर्च कमी होईलच असे नाही, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ (१८३५–८२) या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दाखवून दिले. वाफेची एंजिने सुधारल्यावर ती अधिक ठिकाणी परवडू लागली आणि इंग्लंडमधील कोळशाचा एकूण खप उलट वाढला. यालाच पुढे ‘प्रतिक्षेप परिणाम’ असे नाव मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुका व वैनगंगेपलीकडील गडचिरोली जिल्हा (१९८२ पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग) या वनप्रदेशाच्या इतिहासात या दोन्ही प्रकारच्या बचतींची उदाहरणे आढळतात.

सरपण व निस्तार : या भातशेतीच्या मुलखात घरगुती ऊर्जा म्हणजे प्रामुख्याने सरपण. तीन दगडांच्या उघड्या चुलीत लाकडातील उष्णतेचा सु. दहावा भागच भांड्यापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता धूर, हवा व जमीन यांत जाते. ही नासाडी टाळण्याचे पारंपरिक उपाय गृहिणींना ठाऊक होते. मुख्य चुलीला जोडलेल्या वैलावर वाया जाणाऱ्या आचेत आमटी वा पाणी तापवीत. भाताला उकळी आली की लाकडे मागे ओढून तो निखाऱ्यांवर मुरवीत. वैल हा कार्यक्षमतेचा, तर लाकडे मागे ओढणे हा मितवापराचा उपाय म्हणता येईल.

सरपण विकत घ्यावे लागत नसले, तरी ते फुकट नव्हते. त्याची किंमत स्त्रियांच्या श्रमांत मोजली जाई. ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन अधिनियमांनी राखीव जंगलांतील वावर नियंत्रित झाला. मध्य प्रांतात मात्र घरगुती गरजेपुरते जळण, इमारती लाकूड व चराई यांची सवलत ‘निस्तार’ या नावाने चालू राहिली. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर मालगुजारांच्या ताब्यातील जंगले शासनाकडे आली आणि निस्ताराचा प्रश्न वनखात्याशी जोडला गेला. अशा रीतीने या भागातील मितवापर हा बव्हंशी स्वेच्छेचा नव्हता; तो अंतर, श्रम व नियम यांनी लादलेला होता.

सुधारित चूल : डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत धूरविरहित ‘मगन चूल’ व अखाद्य तेलावर जळणारा ‘मगन दीप’ यांचा प्रसार केला. संघाचे सूत्रधार जो. कॉ. कुमारप्पा (१८९२–१९६०) यांच्या विचारात साधन सुधारणे व गरजा मर्यादित ठेवणे ही दोन्ही सूत्रे एकत्र होती. कोळसा व खनिज तेल हे वापरले की संपणारे साठे असल्यामुळे त्यांवर उभी राहणारी अर्थव्यवस्था टिकाऊ नसते, असे त्यांनी मांडले.

केंद्र शासनाने १९८३ मध्ये राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. त्यात मातीच्या पक्क्या चुलीची कार्यक्षमता किमान २० टक्के असावी, म्हणजे जुन्या चुलीच्या सु. दुप्पट, अशी अपेक्षा होती. २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद होईपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. परंतु प्रयोगशाळेत मोजलेली बचत स्वयंपाकघरात क्वचितच पूर्णपणे उतरली. चुलीचे तोंड घरच्या भांड्यांना जुळत नसे, धुराडे काजळीने चोंदे आणि दुरुस्तीस गवंडी मिळत नसे. शिवाय जुनी चूल थंडीत ऊब देई व तिच्या धुराने छपरातील कीड मरे. ही कामे नव्या चुलीच्या हिशेबात धरली नव्हती. परिणामी अनेक घरांत दोन्ही चुली पेटू लागल्या.

वीज : त्याच वर्षी, १९८३ मध्ये, चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. जुने दोन संच बंद झाल्यानंतर व नव्या संचांची भर पडल्यानंतर त्याची क्षमता २,९२० मेगावॉट झाली. औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेपैकी सु. एक-तृतीयांशच विजेत रूपांतरित होते. म्हणून घरात वाचलेल्या एका युनिटामागे खाणीतला अर्धा किग्रॅ.हून अधिक कोळसा वाचतो. १९९९ पासून ७५२ किमी. लांबीच्या उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीने चंद्रपूरची वीज मुंबईनजीकच्या पडघे येथे नेली जाते. राखेचा व धुराचा भार मात्र चंद्रपूर परिसरावर राहिला. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे क्षेत्र गंभीर प्रदूषित क्षेत्रांत गणले.

२००५ नंतरच्या भारनियमनाच्या काळात राज्यातील ग्रामीण वाहिन्यांवर विजेची कपात शहरांपेक्षा जास्त तास होई. ही विजेची ‘बचत’ आकड्यांत दिसे. पण ती वापरणाऱ्याने केलेली नव्हती व तिचा लाभही त्याला मिळत नव्हता. २०१५ पासून उजाला योजनेतून एलईडी दिव्यांचे वाटप झाले आणि प्रकाशासाठी लागणारी वीज बरीच घटली. याच काळात घरांत पंखे, कूलर व शीतकपाटे वाढली. ब्रह्मपुरीत मे महिन्यात तापमान ४५° से.च्या पुढे जाते. अशा ठिकाणी दिव्यांत वाचलेली वीज कूलरसाठी लागणे हा अपव्यय नव्हे, तर आधी भागविता न आलेली गरज भागविणे होय. कूलर बाष्पीभवनाने हवा थंड करीत असल्यामुळे पंखा व छोटा पंप यांपुरतीच वीज घेतो. वातानुकूलन यंत्राला त्याच्या कितीतरी पट लागते. म्हणून त्या यंत्राला तारांकन मिळाले, तरी कूलरच्या जागी ते आल्यास विजेचा खर्च वाढतोच.

गॅस व जंगल : ब्रह्मपुरी वनविभाग ताडोबा–अंधारी व्याघ्रप्रकल्पास लागून असून वाघांची संख्या वाढल्यामुळे येथे मनुष्य-वन्यजीव संघर्ष तीव्र झाला आहे. सरपण, मोहफुले व तेंदूपाने गोळा करण्यास गेलेली माणसे हल्ल्यांत बळी पडली आहेत. त्यामुळे येथे मोळीची एक खेप वाचविणे हा जिवाचाही प्रश्न ठरतो. राज्य शासनाची जन-वन विकास योजना (२०१५) व केंद्राची उज्ज्वला योजना (२०१६) यांनी गावांत गॅस पोहोचविला. तथापि उज्ज्वलाचे लाभार्थी वर्षाला सरासरी तीन ते चारच टाक्या भरतात, असे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात दिसून आले. गॅसची शेगडी चुलीपेक्षा कितीतरी कार्यक्षम आहे. पण टाकीला रोख पैसे लागतात आणि सरपणाला लागत नाहीत. म्हणून चहा गॅसवर व भात चुलीवर अशी विभागणी राहते आणि जंगलातील खेपा पूर्णपणे थांबत नाहीत.

स्वेच्छेचा मितवापर : गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने १९८० च्या दशकापासून निराळी वाट घेतली. जंगलातून काय, किती व केव्हा घ्यावयाचे, याचे निर्णय तेथील ग्रामसभा अभ्यासगटात चर्चा करून सर्वसहमतीने घेऊ लागली. २००६ च्या वनहक्क अधिनियमानुसार २००९ मध्ये गावाला सु. १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. येथेही मर्यादा आहेत. परंतु त्या गावाने स्वतः घातलेल्या असून राखलेल्या जंगलाचा लाभ गावालाच मिळतो.

वरील इतिहासावरून असे दिसते की, कार्यक्षम साधनाने वाचलेली ऊर्जा आपोआप शिल्लक राहत नाही. ती पूर्वी न भागलेल्या गरजेकडे वा नव्या वापराकडे वळते. जेथे गरजाच अपुऱ्या भागल्या आहेत, तेथे हा बदल इष्टच असतो व तेथील लोकांना कमी वापराचा उपदेश गैरलागू ठरतो. जेथे वापर विपुल आहे, तेथे मात्र कार्यक्षमतेला वापराच्या मर्यादेची जोड दिल्याखेरीज एकूण खर्च घटत नाही.