एडिंबरोची सुई

श्रोतेहो, शाळेंत इतिहास शिकवितांना लढाया व तह यांच्या सनावळ्या मीं मुलांकडून पुष्कळ घोकून घेतल्या. परंतु दवाखान्यांतील लहानशा सुईलाही इतिहास आहे, हें सांगावयाचें राहूनच गेलें. ती उणीव आज भरून काढावी असा विचार आहे.

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. तेथील डॉक्टर अलेक्झांडर वुड यांनीं १८५३ सालीं पोकळ सुई व पिचकारी यांच्या साहाय्यानें, वेदनेनें तळमळणाऱ्या एका रोग्याच्या त्वचेखालीं मॉर्फिया, म्हणजे अफूचें सत्त्व, सोडलें. १८५५ सालीं त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली आणि ती देशोदेशीं पसरली. पोटांत घेतलेल्या अफूचें व्यसन लागतें, टोचलेल्या औषधाचें लागत नाहीं, असा त्या काळच्या कांहीं वैद्यांचा समज होता. तो खोटा ठरला. वुड यांची पत्नी याच व्यसनानें गेली अशी एक आख्यायिका आहे. ती मात्र खरी नव्हे. ती बाई पतीच्या मागें कित्येक वर्षें हयात होती.

आतां सव्वाशें वर्षें ओलांडून त्याच शहरीं पुन्हा येऊं. १९८० च्या सुमारास तेथें हेरॉईन स्वस्त मिळूं लागलें. हेरॉईन म्हणजे मॉर्फियापासूनच बनविलेलें, त्याहून लवकर चढणारें द्रव्य. शहराच्या कडेच्या वसाहतींत कामधंदा नव्हता. तेथील तरुण मुलें हें विष शिरेंत टोचून घेऊं लागलीं. सुईच मिळाली नाहीं तर व्यसन कसें चालेल, असा विचार करून सुयांची विक्री आंवळण्यांत आली, आणि झडतींत पिचकारी सांपडली कीं पोलीस ती जप्त करूं लागले.

वरवर पाहतां युक्तिवाद बिनतोड होता. परंतु वर्गांत एका मुलाची पेन्सिल काढून घेतली कीं तो शेजाऱ्याची मागतो, हें प्रत्येक मास्तरास ठाऊक असतें. येथेंही तेंच झालें. व्यसन थांबलें नाहीं. उरलेली एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरूं लागली.

अशा वेळीं एच. आय. व्ही. हा विषाणु शहरांत शिरला. १९८५ सालीं त्याची रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. म्यूरहाउस वसाहतींतील डॉक्टर रॉय रॉबर्टसन व त्यांचे सहकारी यांनीं आपल्याकडील १६४ व्यसनींचें रक्त तपासविलें, तों ८३ जणांस लागण झालेली! साठवून ठेवलेल्या जुन्या रक्तावरून असेंही कळून आलें कीं, हा प्रसार मुख्यतः १९८३ च्या अखेरीपासून झपाट्यानें झाला होता. शेजारच्या ग्लासगो शहरीं व्यसनी कमी नव्हते. परंतु तेथें सुयांची इतकी टंचाई नव्हती, आणि लागणीचें प्रमाण शेंकडा दहाहूनही कमी होतें. शिवाय एडिंबरोंतील लागण व्यसनींपुरती राहिली नाहीं. ती त्यांच्या बायकांपर्यंत व पोटच्या मुलांपर्यंत पोंचली. रोगापेक्षां औषध जहाल म्हणतात तें असें.

१९८६ सालीं डॉक्टर मॅक्लेलंड यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें मत दिलें कीं, व्यसन वाढेल या भीतीपेक्षां विषाणु पसरण्याचें भय मोठें आहे; सबब व्यसनींना स्वच्छ सुया द्याव्या. सरकारी पैशानें व्यसनाला मदत! जन्मभर छडीशेजारीं बसलेल्या मलाही हें प्रथम वाचतांना चमत्कारिक वाटलें. परंतु १९८७ सालीं जुनी सुई देऊन नवी नेण्याची सोय सुरू झाली. १९८८ सालीं व्यसनींसाठीं स्वतंत्र सेवा निघाली व तिच्या साहाय्यानें गल्लोगल्लींचे डॉक्टर मेथॅडोन देऊं लागले. हें तोंडानें घ्यावयाचें औषध. त्याचा अंमल दिवसभर टिकतो आणि सुईची गरज उरत नाहीं. एका अफूऐवजीं दुसरी अफू, असा आक्षेप त्यावर घेतात. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु पूर्वीं जो माणूस लपूनछपून गल्लींत बसे, तो आतां डॉक्टरांसमोर येऊन बसूं लागला, हा फरक लहान नव्हे. पुढील वर्षांत टोचून घेणारे कमी झाले व नवी लागण उतरणीस लागली. आधींच लागण झालेले पुष्कळ जण मात्र गेले. गुणकारी औषधयोजना १९९६ च्या सुमारास आली, तोंपर्यंत ते राहिले नाहींत.

ही कथा येथें सुखानें संपत नाहीं. २०२० सालीं स्कॉटलंडमध्यें मादक द्रव्यांच्या दुरुपयोगानें १,३३९ माणसें मेलीं. अतिमात्रेवर उतारा असलेलें नॅलोक्सोन व्यसनींच्या व आप्तांच्या हातीं देण्याची देशव्यापी योजना तेथें २०११ पासून आहे. आणि जानेवारी २०२५ मध्यें ग्लासगोंत परिचारिकांच्या देखरेखीखालीं टोचून घेण्याची जागाही उघडली. स्वच्छ सुयांचा व तोंडानें घ्यावयाच्या औषधाचा मार्ग आपल्या देशानेंही मणिपुरापासून मुंबईपर्यंत स्वीकारला आहे.

व्यसन वाईट, याविषयीं दुमत नाहीं. परंतु व्यसन सोडावयाचें तर माणूस आधीं जिवंत राहिला पाहिजे. एडिंबरोला हें कळावयास शेंकडों तरुणांचें मोल द्यावें लागलें. आपल्या ओळखीच्या एखाद्या घरीं असा मुलगा असेल, तर त्याला दाराबाहेर काढण्यापूर्वीं या सुईची आठवण ठेवावी, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.