एक पदवी, दोन शास्त्रज्ञ

इंग्लंडमध्ये वंशपरंपरेने चालणारी उमरावपदवी धारण करणाऱ्याचे रूढ नावच बदलून टाकते. त्यामुळे उमराव घराण्यातील विद्वानाचा उल्लेख कसा करावा, हा प्रश्न शिष्टाचारापुरता न राहता इतिहासलेखनाचा होतो. एसेक्स परगण्यातील स्ट्रट घराण्याकडे १८२१ मध्ये बॅरन हा, म्हणजे ब्रिटिश उमरावांच्या पाच श्रेणींपैकी सर्वांत खालचा, दर्जा आला. पदवीला त्याच परगण्यातील रॅले या गावाचे नाव मिळाले, आडनाव मात्र स्ट्रटच राहिले. १८४२ मध्ये जन्मलेल्या जॉन विल्यम स्ट्रट यांनी आकाशाच्या प्रकाशाची मीमांसा करणारे निबंध १८७१ मध्ये याच आडनावाने लिहिले. १८७३ मध्ये वडील वारल्यावर ते तिसरे बॅरन झाले, आणि ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ, आरगॉनचा शोध व १९०४ चे नोबेल पारितोषिक हे सारे ‘लॉर्ड रॅले’ या नावाशी जोडले गेले. ज्याला आज रॅले प्रकीर्णन म्हणतात, त्याचे मूळ विवेचन केले तेव्हा लेखक रॅले झालेलाच नव्हता, हे संदर्भ देताना विसरता कामा नये.

खरी अडचण पुढच्या पिढीत येते. पुत्र रॉबर्ट जॉन स्ट्रट हेही नामांकित पदार्थवैज्ञानिक. १९१९ पासून लॉर्ड रॅले तेच. रात्रीच्या आकाशाच्या मंद स्वयंप्रकाशाचा त्यांनी अभ्यास केला, आणि तो प्रकाश मोजण्याचे ‘रॅले’ हे एकक पित्याचे नसून पुत्राच्या नावाचे आहे. म्हणून ‘तिसरे’ किंवा ‘चौथे’ बॅरन हा क्रमांक मानाची भर नसून ओळखीचा अत्यावश्यक भाग आहे, आणि सूचीत स्ट्रट व रॅले या दोन्ही ठिकाणी नोंद हवी. नावाला केवढे वजन असते, हे पुत्राने लिहिलेल्या पित्याच्या चरित्रातच दिसते: ब्रिटिश असोसिएशनकडे गेलेल्या एका निबंधावर लेखकाचे नाव नव्हते, तेव्हा तो कोणा विक्षिप्ताचा समजून नाकारला गेला, आणि लेखक कोण हे कळताच त्यात गुण आढळले.

नाइट झालेल्या व्यक्तीची ‘सर’ ही उपाधी याहून वेगळी, कारण ती वारशाने उतरत नाही आणि व्यक्तिनामाला लागते. १९११ मध्ये ती मिळालेले संस्कृत पंडित म्हणूनच ‘सर रामकृष्ण’ होत, ‘सर भांडारकर’ नव्हेत. पदार्थवैज्ञानिक विल्यम थॉमसन १८६६ मध्ये असेच ‘सर विल्यम’ झाले, १८९२ मध्ये ग्लासगोच्या केल्व्हिन नदीवरून बॅरन केल्व्हिन झाले, आणि १९०७ मध्ये ते निपुत्रिक वारल्याने ती पदवी त्यांच्याबरोबरच संपली.