पुराण, वाद आणि कीर्तन : श्रोत्याच्या शोधात

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथम आठवतात त्या ख्रिस्तपुराणातील मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या. एका परकीयाने केलेले हे कौतुक आपण इतक्या वेळा उद्धृत केले आहे, की हे पुराण कोणासाठी रचले गेले हा प्रश्न बाजूलाच राहतो. तो विचारला, तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास निराळ्या रीतीने वाचता येतो असे आम्हांला वाटते. धर्मोपदेशक काय सांगतो याचा तो इतिहास आहेच. पण समोरच्याचे मन कशासाठी उघडे आहे, हे तो कसे ओळखतो याचाही आहे.

स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे कार्यक्षेत्र असलेल्या साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले. त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या आरंभीच एक श्रोता येतो. जुनी पुराणे आम्हांला वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही, असा त्याच्या विचारण्याचा आशय आहे. स्टीफन्स यांचे मोठेपण हे, की त्यांनी हा प्रश्न ऐकला. धर्म बदलला तरी ओवी ऐकण्याची सवय बदलत नाही, हे जाणून त्यांनी बायबलची कथा पुराणाच्या घाटात सांगितली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्दही वापरला. मात्र हा श्रोता मोकळ्या मनाने आलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही. त्याचे जुने ग्रंथ सत्तेने काढून घेतले होते. त्याच्या मनात जी जागा दिसते, ती काही अंशी तरी रिकामी करवलेली जागा आहे.

एकोणिसाव्या शतकातील मुंबईत चित्र बदलते. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये तेथे आले. विल्सन यांनी श्रोत्याला प्रतिवादी मानले. मोरभट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि दांडेकरांनी १८३१ मध्ये हिंदू धर्माच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद करीत होते. वादात मन उघडण्यापेक्षा बुद्धी धारदार होते, असा आक्षेप घेता येईल आणि तो खराही आहे. परंतु साष्टीच्या श्रोत्याला नसलेली एक गोष्ट या श्रोत्यापाशी होती : तो उभा राहून ‘नाही’ म्हणू शकत होता. मराठी गद्यातील युक्तिवादाला बळ मिळाले, त्यात या ‘नाही’चा वाटा आहे.

नारायण वामन टिळक स्वतः आधी श्रोते होते. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन रूढ करण्याचा प्रयत्न केला, ‘ख्रिस्तायन’ आरंभिले. भक्तीची ओढ श्रोत्यात आधीच आहे, ती बाहेरून आणावी लागत नाही, ही त्यांची श्रद्धा होती. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. उपदेशकामागे संस्था उभी असेल तर श्रोता आधी संस्थेकडे पाहतो, हे त्यांनी ओळखले होते, असा या कृतीचा अर्थ आम्ही लावतो.

तरीही टिळकांच्या वाणीने सहज न वळलेला श्रोता त्यांच्या घरातच होता. पतीच्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे लगेच सोडले नाही. जातिभेद देवाने केलेला नाही हे त्यांना पटले ते स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच नेले.

मराठी ख्रिस्ती वाङ्मय शिकवताना ख्रिस्तपुराणातील भाषास्तुतीपाशी थांबण्याऐवजी, त्याच्या आरंभीच्या श्रोत्याचा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’शेजारी ठेवून वाचावा असे आम्ही सुचवू. पहिल्या ठिकाणी श्रोत्याचा प्रश्न उपदेशकाने लिहून ठेवला आहे; दुसऱ्या ठिकाणी श्रोत्याने स्वतःच, आपल्याला हवा तेवढा वेळ घेऊन, लेखणी हाती घेतली आहे. पहिल्याला वेळ मिळाला असता तर त्याने काय लिहिले असते, हे विचारल्यावाचून त्याचे मन उघडे होते असे आपल्याला म्हणता येणार नाही.